तळहातावरची वेळ

कोर्टाच्या व्हरांड्यात कुणी बाईमाणूस चढलं, की आमची हवालदारीण आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायची आणि निळ्या पेनानं डाव्या तळहातावर वेळ लिहायची. नाव, गाव, केस नंबर सगळं मागाहून. "कवा आली ते पहिले लिवा, स्टेनोसाहेब. बाकीचं कुठं पळून नाही जात."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोर्टात मी साक्षी टाइप करतो. ती पैरवीची हवालदारीण, म्हणजे पोलिसांतर्फे साक्षीदारांना तारखेवर हजर करणारी. तुम्ही कधी तारखेला खेटे घातले असतील तर अशी माणसं बाकावर पेंगताना पाहिली असतील. ही मात्र बसायचीच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या येरझारा चालू.

"बसा की बाई, फरशी झिजली."

"झिजू द्या. सरकारची हाय."

एकदा कोर्टाचा जमाखर्च पाहणाऱ्या आमच्या नाझराची बायको त्याचा डबा घेऊन आली, तर हिनं तीही वेळ लिहिली. नाझर वैतागला, "आता डब्याचीही फिर्याद घेता का?" ती म्हणाली, "डबा उशिरा आला तं तुमीच इचारता ना साहेब, काहून उशीर झाला म्हनून?" आम्ही हसलो. तीही हसली, पण हात पुसला नाही.

मग ती केस आली. दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, आरोपी त्याच शेताचा मालक. घटना पोळ्याच्या आदल्या दिवशीची आणि फिर्याद आठ दिवसांनी. अत्याचाराच्या केसमधली साक्ष बंद दाराआड होते. आत न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, पडद्याआड आरोपी, मी, आणि दाराशी पाण्याची बाटली घेऊन आमच्या हवालदारीणबाई.

आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "आठ दिवस गप्प का बसलात?"

"गप नाही बसली. पोळ्याच्या दिशीच मायसंग ठान्यात गेलती. तिथल्या पोलीसबाई म्हने, साहेब बंदोबस्तात हायेत. कर सरू द्या, मंग या." कर म्हणजे आमच्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस.

"मग कर झाल्यावर का नाही गेलात?"

"गावातले लोक घरी येऊन बसले. मायले भेव दाखवलं."

"ठाण्याच्या डायरीत तुमची नोंद नाही. कोण होत्या त्या बाई?"

"नाव नाही मालूम. मान खाली होती माही."

खरं सांगतो, मलाही ते पटलं नाही. वीस वर्षं साक्षी टाइप करून माझे कान कोडगे झालेत. तारखेऐवजी सणवार सांगितला की मला साक्ष शिकवलेली वाटते. इतक्यात दाराकडे लक्ष गेलं. बाई भिंतीला पाठ लावून उभी होती, अगदी स्थिर. तिला असं मी कधीच पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. "ते बाई मीच होती, स्टेनोसाहेब. तवा माही ड्युटी त्याच ठान्यात होती."

मी शहाणपणा शिकवला. गप्प राहा म्हटलं, रिटायर व्हायला चार वर्षं राहिलीत, नोकरीवर गदा येईल.

"गपच हावो ना मी. तीन तारखा झाल्या, नुसतं पानी पाजून राह्यली तिले."

दुसऱ्या दिवशी ती सरकारी वकिलांकडे गेली. पुढच्या तारखेला कोर्टानं तिलाच साक्षीला बोलावलं. पिंजऱ्यात ती खाकीतच उभी राहिली.

"नोंद नाही, तर मग आठवतं कशावरून?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं.

"लिवलं असतं तं विसरली असती, वकीलसाहेब. नाही लिवलं म्हनून ध्यानात हाय. सव्वाअकरा वाजले होते."

"म्हणजे तुम्ही कर्तव्यात कसूर केली?"

"केली."

मी टाइप केलं, 'हे म्हणणे खरे आहे की, मी कर्तव्यात कसूर केली.' हे वाक्य टाइप करताना मला फार वाईट वाटलं.

बाहेर ती मुलगी आईबरोबर बाकावर बसली होती. बाईनं बाटली पुढे केली. मुलीनं ती घेतली नाही. तिनं एवढंच विचारलं, "सव्वाअकरा?"

"हो."

"सारे इतले इचारून राह्यले... मले वाटे, मी खरंच गेलतीच नाही का काय."

आरोपीला शिक्षा झाली. निकालपत्र मीच टाइप केलं. त्यात लिहिलं आहे की विलंब मुलीकडून झालेला नाही, तिची साक्ष विश्वासार्ह आहे. आमची बाई त्यात केवळ साक्षीदार क्रमांक सात आहे. तिच्यामागे खात्याची चौकशी लागली आणि उमरखेडकडे बदली झाली. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. आम्हीच घाबरलो होतो.

आता व्हरांड्यात नवा हवालदार असतो. भला माणूस आहे, बाकावर मोबाइल पाहत बसतो. फरशी झिजत नाही. मला मात्र हल्ली टेबलाशी बसवत नाही, उगाच उठून दारापर्यंत जातो.

परवा एक बाई वयात आलेल्या मुलीला घेऊन पायऱ्या चढली. सरकारी वकील कुठं बसतात, असं तिनं विचारलं. मी बोट दाखवलं, जेवून झाल्यावर भेटतील म्हणालो आणि चहाला गेलो. अर्धा कप तसाच ठेवून परत आलो, तर त्या दोघी कुठंच नव्हत्या. हवालदाराला विचारलं, त्यानं पाहिलं नव्हतं. मी पेन काढून घड्याळाकडे पाहिलं. त्या किती वाजता आल्या होत्या, ते मला सांगता येईना.