सिंगापूरला न्यायची बॅग

आमच्याकडे मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझ्या बहिणीचं झालं. मला रजा मिळत नव्हती म्हणून बायको तर भांडून, एकटीच, सातव्या महिन्यात भंडाऱ्याच्या गाडीत बसून माहेरी गेली होती. आमची मुलगी मात्र लग्नानंतर सिंगापूरला गेली. दिवस राहिले तेव्हा तिची नोकरी नवी होती. रजा मिळणार होती ती अगदी शेवटी, आणि तेव्हा विमानात कोणी बसू देत नाही. बायकोनं ठरवलं की मुलगी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेर उचलून तिकडे न्यायचं. माणशी तीस किलो सामान चालत होतं. माहेर साठ किलोंत बसवायचं होतं.

आम्ही दोघंही कधी विमानात बसलो नव्हतो. रायपूरहून कोलकाता आणि तिथून सिंगापूर. त्या देशाबद्दल जे वाचता येईल ते मी वाचलं. विषुववृत्ताच्या जवळ, म्हणजे हिवाळा नाही, स्वेटर बाद, तेवढं वजन वाचलं. पाऊस बाराही महिने, म्हणून छत्र्या दोन. बायकोला मी हे सगळं वाचून दाखवत असे आणि ती मेथ्या निवडता निवडता ऐकत असे.

"थंडीच नाही तं बाळंतिणीले शेक कसा देतात तिथं?" तिनं विचारलं.

"ते यात लिहिलं नाही."

"मंग तुमी काय वाचून राहिले इतक्या दिवसांपासून?"

मुलीनं एकदा व्हिडिओवर आपल्या मजल्याचा व्हरांडा दाखवला. समोरच्या दारात एक म्हातारी मलय बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं आम्हाला हात केला. बाजूला चिनी जोडपं, त्यांच्या दारावर लाल कागद आणि त्यावर सोनेरी अक्षरं. खाली तमिळ माणसाचं दुकान, तिथं शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता मिळतो. पाट्या चार भाषांत. मुलीला त्याचं फार कौतुक होतं. बायको फोन ठेवल्यावर म्हणाली, "सगळे चांगले असतीन हो. पण त्यायले आपली बाळंतीण काय समजते?" हीच तिची काळजी होती, आणि तिनं ती पुन्हा पुन्हा बोलून दाखवली. इतक्या तऱ्हांचे लोक आजूबाजूला, पण बाळंतिणीच्या पाठीला तेल लावणारं आपलं कोणी नाही.

भांडण झालं ते खसखशीवरून. पावर हाउस भागातल्या बाजारातून बायकोनं डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, अळीव आणि खसखस आणली. मी सामानाचे नियम वाचून ठेवले होते. खसखस त्या देशात अफूच्या हिशोबात धरतात. तिला सांगितलं तर ती हसायलाच लागली.

"लाडवात खसखस नाही तं काय सिमेंट टाकू? तुमच्या प्लांटातून आणून द्या दोन किलो."

"तिथं पकडतात, गंमत नाही."

"पकडू द्या. म्हणा, माही पोरगी बाळंतीण आहे. त्या पोलिसाले मायनं नसतील का दिले लाडू?"

शेवटी तिनं खसखस डब्यात परत भरली, पण चार दिवस माझ्या भाजीत मीठ कमी पडत होतं. लाडू खसखशीशिवाय झाले. मेथ्या होत्या, अळीव भरपूर होते, कारण अळिवानं दूध चांगलं येतं. मोठा स्टीलचा डबा भरला. त्याशिवाय तिच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी, झबली, कुंची, आणि एक पातळ गोधडी तिनं स्वतः शिवली होती. मी हूकचा तराजू आणला. नोकरी लागल्यापासून मी प्लांटच्या वजनकाट्यावर आहे. रिकामी गाडी तोलायची, भरलेली तोलायची, वजाबाकी करायची. सवय म्हणून मी बॅगही आधी रिकामी तोलली. मोठी बॅग एकोणतीस किलो दोनशे भरली. कुठलंही सामान काढावं लागलं नाही. बायको त्या दिवशी खूश होती.

जावयाचा फोन मी ड्यूटीवर असताना आला. कोळशाचा ट्रक काट्यावर चढलेला होता.

"बाबा," तो म्हणाला, "बाळाचे ठोके लागून नाही राहिले."

मी विचारलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का. तो म्हणाला, दाखवलं, तिसऱ्यालाही दाखवलं. ट्रक ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "साहब, परची!" मी त्याला परची दिली. वजन बरोबर लिहिलं होतं, हे मी नंतर जाऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाळंतपण झालं. नेहमीसारखंच, कळा देऊन. मुलगी होती. जावयानं मला तिचं वजन सांगितलं, दोन किलो सहाशे. मी विचारलं नव्हतं. त्याला बहुधा वाटलं असेल की मला काहीतरी सांगायला हवं आणि दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. खालच्या तमिळ दुकानदाराला सोबत घेऊन त्यानं बाळाचं जे करायचं ते केलं.

आमची तिकिटं पुढच्या आठवड्याची होती. मुलगी फोनवर आली तेव्हा तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही लोग अभी मत आओ. येऊन काय करणार? मला कोणी नको आहे घरात." आणि फोन जावयाकडे दिला. तो म्हणाला, तारीख पुढे ढकलता येते, मी पाहतो. मी हो म्हटलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी तिनं बॅग उघडली, दुपटी, झबली, कुंची, गोधडी बाहेर काढली, एका चादरीत बांधली आणि मला वर माळ्यावर टाकायला दिली. गाठोडं हलकं होतं. डबा तिनं बॅगेतच ठेवला.

माझी मोठी बहीण कॅम्प-१ वसाहतीत राहते. तिचे मिस्टर प्लांटात होते, आता हयात नाहीत. ती ऑटो करून आली, बायकोला जवळ घेऊन रडली, आणि रडणं झाल्यावर तिनं बॅग पाहिली.

"वयनी, हे काय, अजून जायची तयारी करून राहिली?"

"जायचं आहे ना बाई."

"पोरगी नको म्हणून राहिली तं कावून जाता? आणि डिंकाचे लाडू? मांडीवर लेकरू नाही, तिले लाडू चारशीन? लोक काय म्हणतीन? पुढच्या खेपेले चांगलं व्हावं असं वाटते का नाही तुले? भाऊ, तू तरी सांग हिले. पोरगी उठू-बसू लागली का तिलेच इकडे आणा."

मला बहिणीचं म्हणणं सगळंच चूक वाटत नव्हतं. मुलगी स्वतः नको म्हणत होती. परक्या देशात, बंद दाराबाहेर, दोन बॅगा घेऊन उभे राहिलेले आम्ही मला दिसत होतो. बायकोला काय दिसत होतं ते तिनं सांगितलं नाही. ती फक्त दिवसातून अनेकदा फोन हातात घेऊन, न लावता, परत ठेवत होती.

मग मुलीनं स्वतःच फोन केला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. बायकोनं स्पीकर लावला. मुलगी बोलायला काही सापडत नसल्यासारखी मधे मधे थांबत होती. मग म्हणाली की समोरची मलय आजी आली होती. बेल वाजवली, दार उघडलं नाही तर वाजवतच राहिली. आत येऊन तिनं काही विचारलं नाही. तेल गरम केलं, पाठ चोळून दिली आणि लांब कापडाच्या पट्टीनं पोट बांधलं. रोज येते. आणि चिनी काकू आल्याचा काढा आणि कोंबडीचं सूप करून दाराशी ठेवते, ही थंड पाणी पिताना दिसली की ओरडते.

"पोट बांधलं?" बायको म्हणाली. "घट्ट बांधलं का?"

"हो. मी तिला इंग्लिशमध्ये म्हटलं, आजी, बेबी नाहीये, राहू दे. तर ती म्हणाली, तुला तर झालंय ना बाळंतपण. बाळ नाही हे तुझ्या अंगाला काय माहीत."

बायकोनं फोन जवळ ओढला. मग तिनं, मी शेजारी बसलो आहे हे विसरून, विचारलं, "दूध आलं का?"

पलीकडे मुलगी रडायला लागली. त्या दिवसापर्यंत ती आमच्याजवळ रडली नव्हती. "आलं, आई. खूप दुखतं. किसी ने बताया ही नहीं कि आता है."

मी उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा फोन संपला होता आणि बायको बॅगेतून लाडवांचा डबा काढत होती.

"तारीख पुढे ढकलू नका," ती म्हणाली. "आहे तेच तिकीट राहू द्या. माही पोरगी बाळंतीण आहे."

"ती अजून ये म्हणाली नाही."

"त्या म्हातारीले कुठं ये म्हणाली होती?"

डबा बाहेर काढण्याचं कारण वेगळं होतं. त्या लाडवांत अळीव होते, मेथ्या होत्या. ते खाल्ले तर दूध वाढणार. लाडू एकदा वळला की त्यातून अळीव वेगळे काढता येत नाहीत. तिनं एक लाडू फोडून पाहिला आणि ठेवून दिला. आमच्या हुडको कॉलनीतल्या मागच्या गल्लीत एका घरी मुलगी बाळंत होऊन आली होती. बायको डबा घेऊन तिथं गेली. तिला वाटलं, निदान कोणाच्या तरी कामी येतील. त्या बाईनं तिला बसवलं, चहा दिला, फार वाईट झालं म्हणाली, आणि सांगितलं की आमच्या मुलीला डिंक पचत नाही. बायको डबा घेऊन परत आली. ज्या बाळंतिणीसाठी केले होते तिचं बाळ गेलं, ते लाडू कोणी घरात घेणार नाही, हे तिला दारातच समजलं असणार. ती एवढंच म्हणाली, "चहा चांगला होता."

ते लाडू आम्ही दोघांनी खायला घेतले. सकाळच्या चहासोबत एक तिनं, एक मी. मेथ्यांमुळे कडवट लागत होते. टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं आणि मला तिला एकटीला खाऊ द्यायचं नव्हतं.

नवे लाडू तिनं थोडेच करायला घेतले. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी. अळीव नाहीत, मेथ्या नाहीत, खसखस तर नाहीच. बहीण पुन्हा आली, तयारी पाहिली, पाटावर बसली आणि अडकित्ता मागून खारका फोडायला लागली.

"मले पटलं नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली.

"नका पटू द्या बाई. बिया वेगळ्या ठेवा."

"ठेवून राहिली ना. मले काय शिकवते."

दोघी दुपारभर बसल्या. तूप कमी-जास्त यावरून एकदा वादही झाला. जाताना बहिणीनं कागदाच्या पुडीत बाळंतशेपा दिल्या, जेवणानंतर चावायला, आणि मला विचारलं, "हे तं पकडत नाही ना तिथं?"

निघायच्या आदल्या दिवशी बॅग पुन्हा भरली. आता ती भरत नव्हती. एका बाजूला खड्डा पडत होता, म्हणून बायकोनं तिथं एक जास्तीची साडी खोचली, मग काढली, मग माझा टॉवेल घातला. मी तराजू आणून ठेवला होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला. आम्ही येतो हे जावयानं तिला सांगितलं होतं. ती आता मत आओ म्हणणार, या तयारीनं मी उभा होतो.

"आई, लाडू आणून राहिली का?"

"हो. अळीव नाही टाकले."

"खसखस?"

"तुह्या बाबानं टाकू दिली का?"

मुलगी हसली नाही, पण तिच्या श्वासाचा आवाज आला. मग म्हणाली, "ते कपडे कुठे आहेत? तू शिवलेले."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी ठरवून त्या कपड्यांचं नाव तिच्यापुढे काढलं नव्हतं.

"वर ठेवले," ती म्हणाली.

"घेऊन ये. इथे सगळ्यांनी सामान उठवून टाकलं मी हॉस्पिटलमध्ये असताना. पाळणा, सगळं. माझ्याजवळ तिचं काहीच नाही. मला पाहायचे आहेत."

"आणते," बायको म्हणाली. "आणते, बाळा."

मी स्टूल घेऊन माळ्यावरून गाठोडं काढलं. चादर सोडून बायकोनं एकेक घडी पुन्हा केली. कुंचीच्या नाड्या आत दुमडल्या, गोधडीवरची धूळ हातानं झटकली, आणि सगळं त्या खड्ड्यात, लाडवांच्या डब्याला लागून ठेवलं. माझा टॉवेल बाहेर निघाला. चेन लावताना तिला जोर लावावा लागला. मी हूक अडकवून बॅग उचलली.

"जास्त तं नाही झालं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बसतं."