हातांना पाठ होईपर्यंत

माझं पोस्टिंग सीमेवरच्या डोंगराळ भागात होतं. मी इंजिनिअर्समधला सॅपर. जुने सुरुंग काढणं हे आमचं काम. सेक्शन कमांडर हवालदार भोईर. ते खारबावचे, मी काल्हेरचा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

सुरुंग कसा फुटतो, हे त्यांनी आम्हाला आधी एक डमी उघडून दाखवलं. दाब वरून पडला की तो फुटतो. म्हणून प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई, जमिनीत तिरपीच घालायची. मग सराव. रोज परेडनंतर डोळ्यांवर पट्टी बांधून मातीत पुरलेले डमी शोधायचे. मला कंटाळा यायचा. एकदा मी म्हटलं, आता सगळं पाठ झालंय.

"तुला झालंय," उस्ताद म्हणाले. "हातांना न्हाय झालं अजून."

पावसात दरड सरकली आणि चौकीच्या वाटेवर सुरुंग वाहून आले. त्या दुपारी उस्ताद सर्वांत पुढे होते. धमाका झाला. धूळ बसली तेव्हा ते वाटेखाली पडलेले दिसले. हलत होते.

रेडिओवर मेजरसाहेबांनी विचारलं, जवळ कोण आहे. मी माझं नाव सांगितलं.

"लेन काढत जा. धावू नकोस. ओव्हर."

लेन म्हणजे सळईने तपासून मोकळी केलेली अरुंद वाट. मी पोटावर पडलो. कानात शिट्टी वाजत होती. ड्रिलची पहिली पायरी आठवेना. काहीच आठवेना. पण हात पुढे गेला. बोटं गवतावरून फिरली, सुरुंगाला जोडलेली तार नव्हती. सळई तिरपी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत. हात चालू लागले तसं डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. मध्येच टोक कशाला तरी टेकलं. माझी पँट ओली झाली. तरी खूण केली आणि बगल देऊन पुढे सरकलो.

उस्ताद माझ्या हातांकडे बघत होते. "दाबू नको," ते म्हणाले. "हां. असंच."

पोचलो. रक्त थांबवायला त्यांच्या मांडीला पट्टा आवळला. त्याच लेनमधून स्ट्रेचर आलं. हेलिकॉप्टर यायच्या आत ते गेले.

आता मी काल्हेरच्या एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. आगीचं ड्रिल मी दिवे बंद करून घेतो. भिंतीला हात लावत दारापर्यंत यायचं. "चाचा, फिर से?" म्हणून लोडर वैतागतात. मी पुन्हा करायला लावतो.

त्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा खारबावला उस्तादांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी पाणी दिलं. मग विचारलं, "शेवटाला ते घाबरले व्हते का?"

"मी घाबरलो होतो, वहिनी," मी म्हटलं. "ते मला शिकवत होते."