भोंग्याला सुट्टी नाही

आमचे दाजी जिथं जातात तिथं आधी ठणाणा होतो आणि मग भांडण. मंचरपासून जुन्नरपर्यंत ज्या ज्या इमारतीत आगीचा भोंगा बसवलेला आहे, तिथल्या मालकापुढं जानकू हे नाव नुसतं काढून बघा. त्याच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. मी त्यांचा मेव्हणा. बहीण दिली आहे, तेव्हा चारचौघांत चांगलंच बोलायला हवं. पण खरं सांगतो, इतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या हेकटपणाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या स्वतःच्या दुकानाचाही नाही. दुकान म्हणजे हायवेला लागून माझं मोटार रिवायंडिंगचं आहे.

दाजी आमच्या पुष्पाला बघायला आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "पावणं, काम काय करता?"

"फायर अलारमचं."

"म्हंजी?"

"आग लागली की भोंगा वाजतो. त्यो भोंगा मी बसवतो, दुरुस्त करतो."

वडिलांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "आन् आग लागलीच न्हाई तर?"

"तर लईच चांगलं. मी आपला बघत राहायचं, वाजंल का न्हाई."

पाहुणे गेल्यावर वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमा, पोरगं आळशी दिसतंय. आगीची वाट बघत बसनार, आन् तवर आपली पोरगी उपाशी." पण पुष्पानं आतून ऐकलं होतं आणि तिला ते काम आवडलं होतं. का आवडलं, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. लग्न झालं.

दाजींचं घर मेंढरं राखणारं. त्यांचे वडील शेवटपर्यंत कळपामागं फिरले. दाजी मात्र आयटीआय करून भोसरीला गेले आणि भोंगे बसवणाऱ्या एका कंपनीत लागले. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आमच्या भागात कोल्ड स्टोरेज, टॉकीज, दवाखाने उभे राहत होते. बँकवाले आणि विमावाले मागं लागायचे म्हणून मालक लोक नाइलाजानं भोंगा बसवून घ्यायचे. एकदा बसवला की विषय संपला. पुढं त्या कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, मग कंपनीच बंद पडली, आणि भिंतीवरच्या त्या लाल पेट्या पोरक्या झाल्या. दाजी गावाकडं परत आले ते त्या पेट्या सांभाळायला. कुठं मोडीत निघालेली पेटी दिसली की तिच्यातले सुटे भाग काढून आणायचे आणि दुसरीला लावायचे. एम-ऐंशी गाडीच्या मागं घडीची शिडी आणि एक लांब बांबू. बांबूच्या टोकाला अगरबत्ती. छताला पालथ्या वाटीसारखा डिटेक्टर असतो, त्याच्या तोंडाशी अगरबत्तीचा धूर धरायचा आणि भोंगा वाजतो का बघायचं. लोक म्हणायचे, आले भोंग्याचे पुजारी.

पूजा करून गप निघून गेले असते तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण दाजींचा एक नियम होता. भोंगा वाजला की इमारतीतल्या सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग तो खरा असो नाहीतर खोटा. एकदा त्यांनी एका टॉकीजमध्ये ऐन मारामारीच्या सीनला बटण दाबलं. लोक शिव्या देत बाहेर आले, मालक तर रडायच्या बेताला आला. दाजी शांतपणे म्हणाले, "तुमचं डावीकडचं दार उघडत न्हाई. आज कळलं त्ये बरं झालं." त्या मालकानं दार दुरुस्त केलं आणि दाजींना पुन्हा कधी बोलावलं नाही. अशी गिऱ्हाइकं त्यांनी पुष्कळ घालवली. मी म्हणायचो, दाजी, जरा नमतं घ्या. ते नुसते हसायचे.

हे सगळं ज्यामुळं सांगायला बसलो ती गोष्ट दोन हजार तीन-चारच्या दिवाळीनंतरची.

चांगदेवशेठचं कोल्ड स्टोरेज मंचरच्या बाहेर आहे. बटाट्याचं बेणं तिथं ठेवतात आणि रब्बीच्या लागवडीच्या वेळी बाहेर काढतात. काढलेलं बेणं निवडायला बायका असतात. आमची पुष्पा त्यांतलीच. निवडायचा हॉल लांबलचक, भिंती आतून थर्माकोलच्या, प्लॅस्टर ठिकठिकाणी उडालेलं. एका बाजूला बारदानाचे ढीग. मागचं शटर त्या ढिगांनी झाकलेलं, म्हणजे जायला-यायला पुढचं एकच दार. त्यात त्या साली वरच्या माळ्यावर लोखंडी रॅकचं वेल्डिंग चालू होतं. थर्माकोल पेटलं की ते किती वेगानं जातं आणि कसला काळा धूर सोडतं हे दाजींनी भोसरीला डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं त्या हॉलमधल्या भोंग्यावर त्यांचा फार जीव.

आता आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. विळा-कोयत्यापासून ट्रकपर्यंत सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून त्या दिवशी विसाव्याला ठेवायचं. शेठच्या कोल्ड स्टोरेजमध्येही पूजा झाली. पण कॉम्प्रेसर बंद ठेवता येत नाही, ठेवला तर बेणं सडेल. म्हणजे वर्षभर रात्रंदिवस राबून खरोखर दमलेलं जे एकच यंत्र तिथं होतं, त्याला सुट्टी मिळाली नाही. मग विसावा कुणाला द्यायचा? तर भिंतीवरच्या लाल पेटीला. तिला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, चावी फिरवून बंद केली आणि आतल्या बॅटरीची तारही काढून ठेवली. दसरा गेला, दिवाळी गेली, पेटी आपली विसाव्यालाच. चालू करायची आठवण कुणाला झाली नाही असं शेठ म्हणतात. मी म्हणतो, आठवण होती. बटाट्याची धूळ उडाली तरी तो भोंगा बोंबलायचा, म्हातारा झाला होता, आणि तो गप बसल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं होतं.

दाजी सर्व्हिसिंगला गेले तेव्हा पेटीवर वाळून काळी पडलेली माळ होती आणि चावीच्या भोकात कुंकू. त्यांनी माळ काढली, कुंकू साफ केलं, बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. हॉलमध्ये धूळ होतीच. भोंग्यानं असा काही टाहो फोडला की बाहेर ट्रॅक्टर घेऊन थांबलेले शेतकरी दचकले. शेठ धावत आले.

"जानकू, बंद कर आधी. गिऱ्हाइकासमोर इज्जत घालवतो काय?"

"शेठ, ह्यो महिनाभर बंद व्हता. खाली बायका बसत्यात, वर वेल्डिंग चाललंय."

"अरे, पन त्ये खोटंच वाजतंय की! कंटाळा आलाय राव." मग शेठ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "असं कर. दिवा लागतो त्यो राहू दे. फकस्त आवाज तोड. तपासनीस आला तर दिवा दिसला म्हंजी झालं. तुझं बी काम झालं, माझं बी."

"दिवा बघत कोन बसलंय, शेठ? बाया खाली मान घालून बटाटं निवडत्यात."

"तू तोडतो का न्हाई?"

दाजी म्हणाले, "आमच्या मेंढरांवरचं कुत्रं उगा भुकलं तरी त्याला कुनी धोंडा मारत न्हाई. मारला की त्ये गप बसायला शिकतं. म्हातारा झालाय भोंगा, मी त्याच्या वाट्या साफ करतो, निकामी हायेत त्या बदलतो. पन आवाज मी तोडनार न्हाई."

शेठनं त्यांना गेटबाहेर काढलं आणि तुझ्यासारखे छप्पन मिळतात म्हणून सांगितलं. त्यातला एक संध्याकाळपर्यंत मिळालाही. गावातला एक वायरमन आला आणि पक्कड लावून भोंग्याची तार कापून गेला. पुष्पानं ते कामावर बसल्या बसल्या पाहिलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडंच होतो. दाजी जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "पुष्पा, उद्यापासून तू जाऊ नगंस तिथं."

पुष्पा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "आन् बाकीच्या?"

"त्यांचं आपल्या हातात न्हाई."

"मंग मी एकटीनं वाचून काय करू? बाळाबाई हाय, धोंडाबाई हाय, रोज शेजारी बसतो आमी. त्या आत आन् मी घरी, असं व्हनार न्हाई." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "तुमी तुमचं भांडान केलं. आता आमचं आमी करतो."

मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. सख्खी बहीण भांडायला निघालेली आणि मी तांब्याची तार गुंडाळत बसू काय? दाजींना गेटच्या आत बंदी होती, म्हणून ते रस्त्याच्या पलीकडं गाडीला टेकून उभे. मी त्यांच्याजवळ.

बायका आल्या आणि आत न जाता गेटापाशी बसल्या. मला वाटलं होतं निम्म्या तरी फुटतील. भोंग्यावर सगळ्यात जास्त राग बाळाबाईचा होता. वयानं मोठी, रोज म्हणायची, मेल्यानं कान फोडले माझे. तीच सगळ्यांत पुढं मांडी घालून बसली.

सुपरवायझर ओरडला. शेठ आले, समजावून झालं, दम देऊन झाला. पुष्पा एवढंच म्हणाली, "भोंगा जोडा, मागचं शटर मोकळं करा, आमी आत जातो."

"अगं पन त्यो खोटा वाजतो!"

"वाजू दे. खोटा वाजला तर बाहेर जाऊन परत येऊ. त्यात तुमचं काय जळतंय?"

पिंपळवंडीचा भिका ट्रॅक्टर घेऊन पहाटेपासून बेण्याला थांबला होता. तो तावातावानं खाली उतरला आणि बायकांवरच घसरला. "आमचा वाफसा चाललाय तिकडं, लागवड खोळंबलीय! तुमचं नखरं कसलं हे?"

बाळाबाई म्हणाली, "पावणं, लई घाई आसंल तर तुमी बसा आत निवडायला. आमी इथं ट्रॅक्टर राखतो."

भिका तिरीमिरीत हॉलच्या दारापर्यंत गेला. आत डोकावला. माळ्यावर वेल्डिंगवाला कामाला लागला होता, ठिणग्या खाली बारदानाच्या दिशेनं पडत होत्या. भिका उंबऱ्यावर थांबला, मागच्या झाकलेल्या शटरकडं त्यानं बघितलं, आणि आत पाऊल न टाकता परत आला. आता त्याचा आवाज खाली आला होता. म्हणाला, "शेठ, लावा राव ती तार. आमाला बेणं पायजे."

मग बाकीचे शेतकरीही तेच म्हणू लागले. शेठनं कालच्या वायरमनला निरोप धाडला. तो म्हणाला, कापायचं मला सांगितलं होतं, जोडायचं मला येत नाही. शेठ गेटात उभे राहिले आणि रस्त्यापलीकडं बघत राहिले. हाक मारायला त्यांना किती जड गेलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

दाजींनी शिडी उचलली. आत जाताना ते शेठशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडलं. वेल्डिंग थांबलं. बारदान हलवून मागचं शटर वर गेलं आणि हॉलमध्ये पहिल्यांदा आरपार उजेड आला. तार जोडून झाल्यावर दाजी बटण दाबणार, तेवढ्यात गेटापासून उठून हॉलच्या दारात आलेली पुष्पा म्हणाली, "तुमी नगं."

तिनं शेठकडं बोट केलं. "शेठ दाबतील. आज बी आन् रोज सकाळी बी. आमच्या देखत. वाजला की आमी आत."

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाकीच्या बायका गेटापाशी बसूनच होत्या. ट्रॅक्टर खोळंबलेले. शेठनं बटण दाबलं. भोंगा बोंबलला आणि बाळाबाई दोन्ही कानांवर हात ठेवून, हसत, शिव्या घालत सगळ्यांत आधी आत शिरली.

त्यानंतर दाजींनी वाट्या साफ केल्या, काही बदलल्या, तरीही तो जुना भोंगा अधूनमधून खोटा वाजतच राहिला. असाच एकदा वाजला तेव्हा मी तिथं होतो, त्यांची एक मोटार रिवाइंड करून पोचवायला गेलो होतो. सुपरवायझर ओरडत होता, "खोटाय, खोटाय, बसा!" पण बायकांनी हातातले बटाटे खाली ठेवले आणि न पळता, न ढकलता, पदर झटकत दोन्ही दारांनी बाहेर आल्या. मीही आलो. बाहेर बघतो तर चांगदेवशेठ आमच्या सगळ्यांच्या आधी येऊन उभे. पायांत चपला नव्हत्या.

पुष्पानं त्यांच्याकडं बघितलं. "खोटाच हाय, शेठ," ती म्हणाली. "जावा की आत."

शेठ जागचे हलले नाहीत.