चमच्याचमच्यानं

मूल कितीही रडत असो, सिस्टर आधी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरायची, सोडायची आणि बघत राहायची. कातडी लगेच सपाट झाली, म्हणजे अंगात पाणी शिल्लक असलं, की म्हणायची, "वेळ आहे अजून." तशीच उभी राहिली तर काहीच बोलायची नाही. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. ती गप्प झाली की आपण ओळखतो, काहीतरी बिघडलंय.

ऐंशीच्या दशकात गोवंडीतल्या एका लहान दवाखान्यात ती नर्स होती आणि मी केसपेपर लिहायचे. ती अंधेरीच्या जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती. बोलणं रोखठोक.

जुलाबाची साथ आली की बायका पोरांचं पाणी तोडायच्या. "प्यायला दिलं की लगेच खाली जातं, सिस्टर!"

"जाऊ दे थोडं. आतडं वीस फूट लांब असतं गं, वाटेत बरंच शोषून घेतं. नुसतं मीठ नीट आत शिरत नाही. साखर सोबत असली की दोघं आत जातात आणि मागोमाग पाणी ओढून नेतात. जुलाब चालू असले तरी हे दार बंद होत नाही." मग बजावायची, "लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे, सपाट. शीग नको."

एके दिवशी एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आली. दोन दिवस त्याला पाणी दिलं नव्हतं. सिस्टरनं कातडी चिमटीत धरली आणि ती गप्प झाली. टॅक्सी येईपर्यंत ती त्याच्या ओठांना चमचा लावत होती. मोठ्या इस्पितळात पोचायच्या आधीच पोरगा गेला.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच्या धाकट्या बहिणीलाही जुलाब सुरू झालेत. सिस्टरनं साखर-मिठाच्या पाण्याचं पातेलं उचललं.

"अगं, ते लोक मारतील तुला," मी म्हटलं.

"मारू दे. चल तू."

आजी दारातच उभी होती. "तुझ्या पाण्यानं एक गेला. आता हिला न्यायला आलीस?"

सिस्टर वाद घालत बसली नाही. पातेल्यातलं एक भांडं पाणी तिच्यासमोर स्वतः प्यायली आणि उंबऱ्याबाहेर चिखलातच बसली. गल्ली जमली. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं. मला तर पळून जावंसं वाटत होतं. तासाभरानं आतून पोरीची आई आली. सासूकडे न बघता तिनं पोर सिस्टरच्या मांडीवर ठेवली.

कातडी हळूहळू का होईना, खाली बसली. "वेळ आहे अजून," सिस्टर म्हणाली.

पहिले चार चमचे पोरीनं ओकून टाकले. "बघ!" आजी ओरडली. सिस्टरनं तिचं तोंड पुसलं, दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा चमचा भरला. मिनिटाला एक. दुपार उलटली. तिच्या पायाला मुंग्या आल्या, पण तिनं मांडी हलवली नाही. मी दोनदा म्हटलं, "दे माझ्याकडे," तर मान हलवली.

चारच्या सुमारास पोरीनं सिस्टरच्या पांढऱ्या साडीवर भरपूर मुतलं.

"मुतली गं!" सिस्टर इतक्या जोरात ओरडली की शेजारपाजारचे धावत आले. "पाणी आत पोचलं! बघा, पोचलं!" आजी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. मग डोळे पुसून तिनं सुनेला विचारलं, "साखर किती म्हणाली ती?"

पोरगी वाचली. पुढच्या वर्षी सिस्टरची मुलुंडला बदली झाली. आमची पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ती गेल्याचं तिच्या भावाकडून कळलं.

मला सिस्टर आठवते ती पोरगी वाचली त्या संध्याकाळची. दवाखान्याच्या नळाखाली साडीचा पदर धुताना ती एकदम थांबली. "तो पोरगा एक दिवस आधी आला असता ना..." म्हणाली आणि नळ तसाच वाहता ठेवून रडली. थोड्या वेळानं तिनं नळ बंद केला, पदर पिळला आणि मला म्हणाली, "त्या गल्लीतली किती घरं राहिलीत गं हे पाणी शिकवायची? उद्या लवकर ये."