गुंडप्पाची रिकामी पेटी

८ ऑगस्ट २०२३ रोजी जळकोटच्या गुंडप्पाच्या नावे बत्तीस हजार चारशे रुपये मंजूर झाल्याचे पत्र आले. पाठवणारी संस्था धाराशिवची. जुन्या कलावंतांना त्यांची कला चालू ठेवता यावी म्हणून ती मदत करत असे. पत्र वाचून दाखवले किराणा दुकानदार शंभुलिंगने. अर्जही त्यानेच भरला होता.

“कातडी, रंग, पडदा, समदं नवं करायचं,” शंभुलिंग म्हणाला. “फकस्त एक हाय. पुढल्या महिन्यात संस्थेच्या म्याडम येऊन तुमच्या बाहुल्या बघणार. मग पैसे खात्यात.”

“येऊ द्या की. बघणारं मानूस दारात येऊन लई वर्सं झाली.”

गुंडप्पा सदुसष्ट वर्षांचा, किळ्ळेक्यात जमातीचा. पडद्यामागे दिव्यापुढे कातड्याच्या रंगीत बाहुल्या नाचवून रामायण सांगणारी ही माणसे. घरात बोलायची मराठी, पडद्यामागे गायची कानडी. त्यामुळे सीमेपलीकडची गावे त्यांना मराठे म्हणत आणि अलीकडची कानडी. गुंडप्पाचा बाप कर्नाटकातल्या आळंदकडून बैलगाडीत बाहुल्यांची पेटी घालून इकडे आला तेव्हा पावसाने ओढ दिली की तो पडावा म्हणून गावेच्या गावे खेळ बोलवत. नऊ रात्री खेळ होई, बिदागीला ज्वारी मिळे. आता शेवटचा पुरा खेळ होऊन आठ वर्षे झाली होती. भाऊबंद वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला गेले. खेळ येणारा जळकोटात तो एकटा, आणि पडद्यामागे त्याला साथ करणारी त्याची बायको इरम्मा. त्यात त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. डोळा आहे तोवर एक नवा संच हाताखालून जावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

पेटीत सतरा बाहुल्या शिल्लक होत्या. वर राम, सीता, वानर, मध्ये चटई, तळाला रावण. राम-रावणाची पाठ एकमेकांना लागू द्यायची नाही, असा बापाचा दंडक. रामाची कंबर तीनदा शिवलेली, सीतेचे नाक उंदराने नेलेले.

“असल्या फाटक्या देवाला पावन्यापुढं कसं उभं करायचं?” गुंडप्पा म्हणाला. “ह्यांना आता सोडलं पायजे.”

“आधी नव्या तर होऊ द्या,” इरम्मा म्हणाली.

“एका घरात दोन राम न्हाय ऱ्हात. जुना गेल्याबिगर नवा कोरता येत न्हाय. तुला काय नवीन सांगायचं?”

इरम्माला ते माहीत होते. तिच्या माहेरीही हीच रीत होती. बाहुली खेळाला निकामी झाली की ती घरातले माणूस गेल्यासारखी पाण्याला द्यायची.

२० ऑगस्टला सकाळी दोघे बोरी नदीवर गेले. गुंडप्पाने सतराही बाहुल्यांना हळदकुंकू लावले, भाताचा घास ठेवला आणि एकेक करून धारेला लावल्या. रावण सर्वांत मोठा म्हणून शेवटी. मग अंघोळ करून दोघे घरी आले आणि तीन दिवस चुलीवर फोडणी पडली नाही.

चौथ्या दिवशी त्याने खाटकाकडून बकऱ्याची सहा कातडी उधारीवर आणली. केस तासले, खापरीने घासून कातडे पारदर्शक केले. तीन आठवड्यांत राम, सीता आणि मारुती उभे राहिले. मोतीबिंदूचा डोळा मिटून कोरले, तरी रेषा हलली नव्हती.

१४ सप्टेंबरला संस्थेच्या अर्पिता मॅडम आल्या. तिन्ही बाहुल्या त्यांनी उजेडात धरून पाहिल्या.

“सुंदर आहेत. आता जुन्या दाखवा.”

“जुन्या सोडल्या की, बाई.”

“कुठे सोडल्या?”

“बोरीत.”

मॅडमनी पेटीत डोकावले. तळाला नुसती चटई होती. “एखादा फोटो? कोणाच्या मोबाइलमध्ये?”

“आमच्या खेळाला कोन येत न्हवतं, तर फोटू कोन काडल?” इरम्मा म्हणाली.

मॅडमनी पेटीचे झाकण लावले. मग म्हणाल्या, “आजोबा, रागावू नका. गेल्या वर्षी एकाने दुसऱ्याच्या बाहुल्या आणून पैसे नेले. तेव्हापासून घरातला जुना संच पाहिल्याशिवाय मला सही करता येत नाही. एक जरी जुनी मिळाली तरी पंधरा दिवसांत कळवा, मी पुन्हा येईन.”

“म्या गाऊन दावतो. गानं तर खोटं न्हाय?”

तो गायला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. एक शब्दही त्यांना कळला नाही, तरी उठताना त्यांनी त्याच्या पाया पडून नमस्कार केला. सही मात्र केली नाही.

“गुंडप्पा, अक्कल पन त्यांच्याबरुबर सोडली का?” शंभुलिंग कपाळावर हात मारून म्हणाला. “जा, नदीकाठ धुंडाळा. कुठं तरी अडकली आसंल एखादी.”

दोघे नदीकाठाने चार दिवस फिरले. पाचव्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी बाभळीच्या बुडालेल्या फांदीत रावण सापडला. रंग धुऊन गेला होता, कातडे फुगून मऊ झाले होते, पण दहाही तोंडे जागेवर होती.

“घ्या वर,” इरम्मा म्हणाली. “येवडा एक दावा. बत्तीस हजार हाईत.”

गुंडप्पा पाण्यात गुडघाभर उतरला आणि तसाच उभा राहिला. “माझ्या बापाचं मढं आसतं, तर उकरून दावलं आसतं का?”

“मेल्यावर बाप जेवायला मागत न्हवता. आपुन जिते हावोत.”

“घास देऊन लावलंय त्याला. परत घरात न्हाय घेता येत.”

त्याने हातातल्या काठीने फांदी बाजूला केली. रावण पालथा झाला, बंधाऱ्याच्या सांडव्याशी क्षणभर अडला आणि खाली गेला. गुंडप्पा वर आला तेव्हा इरम्मा वाटेला लागलेली होती. घरापर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही, आणि दसऱ्यापर्यंत ती त्याच्याशी कामापुरतेच बोलली.

ऑक्टोबरात मंजुरी रद्द झाल्याचे पत्र आले. ते वाचून दाखवायला शंभुलिंग स्वतः घरी आला.

गुंडप्पा आता हायवेवरच्या एका ढाब्यावर राखणदार आहे. राम, सीता आणि मारुती भिंतीला टांगलेले आहेत. चौथ्या कातड्यावर रावणाची आकृती कोळशाने काढलेली आहे. ती कोरायला घेतली तेव्हा त्याला एका रेषेच्या दोन दिसू लागल्या होत्या. रावणाशिवाय खेळ लागत नाही. पेटीत इरम्माने ज्वारी भरली आहे. उरलेली दोन कोरी कातडी खाटकाने परत घेतली नाहीत. त्यांचे तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.