वेरावळला उतरली ती कोण?

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून चुलीपाशी जाणारी मी बाई. आमच्या देवासला टेकडीवरच्या देवीच्या नावाने लोक काय काय सांगतात... अमक्याला हाक ऐकू आली, तमकीला कुणी वाट दाखवली. मी आपली 'हो का' म्हणायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे. कुणाच्या अंगात आलंय म्हणून बघायला नेलं, तर मी आधी तिच्या सासूकडे बघते! तेव्हा पुढचं वाचून 'म्हातारीचं डोकं फिरलं' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आणि आमचं मराठी माळव्यातलं, त्यात मधेच हिंदी घुसतं, तेवढं चालवून घ्या.

माझं माहेर धारचं, दिली देवासला. देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्यं – थोरली पाती आणि धाकटी पाती. हे, म्हणजे माझे यजमान, थोरल्या पातीत ओव्हरसियर होते. रस्ते, पूल, विहिरी बघायचे. प्लेगच्या साथीत ह्यांना गाठ आली होती. वाचले. सासूबाईंनी द्वारकेला नवस बोलला होता, तो फेडायला निघायचं ठरलं. इंदूरपर्यंत टांगा, तिथून आगगाडीने मुंबई आणि मुंबईहून आगबोट.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ह्यांनी मधेच काढलं, "बदनावरच्या मंडळींनाही विचारू या. सोबत होईल."

बदनावरची मंडळी म्हणजे माझी मावसबहीण गोदूताई आणि तिचे यजमान अण्णासाहेब. ते तिथे कमाविसदाराच्या कचेरीत होते. सज्जन माणूस, खायला मिळालं की खूश. पण गोदूताई... आता सांगायला हरकत नाही. ह्यांच्यासाठी आधी गोदूताईची पत्रिका गेली होती. ती जुळली नाही, म्हणून माझी पाहिली. लग्नाच्या मांडवातच एका मेलीने हे माझ्या कानात सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते कुसळासारखं रुतलेलं. गोदूताई दिसायला माझ्याहून उजवी, वर शिकलेली. वर्तमानपत्र वाचायची, पुरुषांशी मान वर करून बोलायची. मला अक्षरओळख नव्हती. आमच्या घरात तर सासूबाईंच्या देखत ह्यांनी माझ्याशी दिवसाउजेडी एक वाक्य बोलल्याचं आठवत नाही. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचे, "पाणी मिळेल का?"

तर आगगाडीत बसल्यापासून दोघांचं सुरू. खिडकीतून पूल दिसला की हे सांगायचे तो कसा बांधला, आणि गोदूताई विचारायची, "पण विनायकराव, नदीच्या मधोमध पाया कसा खणतात हो?" हे हातवारे करून समजावायचे. पाच वर्षं मी ह्या माणसाचा संसार केला होता. ह्यांना इतकं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. बोटीवर तेच. डेकच्या कठड्याशी दोघं उभी, अण्णासाहेब शेजारी चिवडा खातायत, आणि मी आत सासूबाईंचं डोकं धरून. त्यांना बोट लागली होती, पाणी पोटात ठरत नव्हतं.

वेरावळला बोट समुद्रातच नांगर टाकून उभी राहिली. धक्क्यापर्यंत जाता येत नाही, छोट्या होड्या येतात. रुईच्या गासड्या, म्हणजे कापसाच्या गाठी, चढवायच्या होत्या, तेव्हा बोट संध्याकाळपर्यंत हलणार नाही, असं कळलं. ज्याला उतरायचं त्याने उतरावं, प्रभासक्षेत्र, सोमनाथाचं, जवळच, टांग्याने जाऊन दर्शन करून परत यावं. इंदूरच्या राणीने बांधलेलं देऊळ तिथे आहे, म्हणजे आम्हा माळव्याच्या लोकांना तर ते घरचंच. सगळ्यांची लगबग सुरू झाली.

ह्यांनी आत येऊन वळकटीकडे बघत विचारलं, "काय, उतरायचं ना?"

सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "जा गं तू. मी काही मरत नाही एवढ्यात."

मला ठरवता येईना. गेले, तर दिवसभर पदर सावरत मागून चालायचं आणि पुढे त्या दोघांच्या गप्पा ऐकायच्या. राहिले, तर ते दिसणार नाही, पण मनात दिसायचं ते दिसणारच. खरं सांगू? मला वाटत होतं, ह्यांनी म्हणावं, "तू नाही, तर मीही नाही." एवढंच हवं होतं. म्हणून मी म्हटलं, "मी राहते. आईंना एकटं कसं टाकायचं?"

दारातून गोदूताई म्हणाली, "अगं सुंदरी, ये की! असं पुन्हा कधी यायचंय?"

तिने बोलावलं म्हणून तर मुळीच नाही जायचं, असं झालं मला. "राहते," मी पुन्हा म्हटलं.

"बरं," हे म्हणाले. "आईकडे लक्ष दे." आणि गेले.

मी कठड्याशी आले. शिडी हलत होती. हे आधी होडीत उतरले आणि हात वर करून त्यांनी गोदूताईला धरून उतरवलं. अण्णासाहेब घाबरून होडीवाल्याला ओरडत होते, "ओ भिया, जरा धीरे!" होडीवाल्याला आमच्या माळव्यातलं 'भिया', म्हणजे भाऊ, काय कळणार, पण सगळे हसले. गोदूताई हसताना ह्यांच्या बाजूला कलली. होडी लहान लहान होत गेली, तरी मी बघत राहिले.

मग मी आत गेले ती सासूबाईंपाशीच बसले. आल्याचा रस दिला, पाय चेपले, वारा घातला. त्या मधेच डोळे उघडायच्या, माझा हात चाचपायच्या आणि पुन्हा पडायच्या. बाहेर गासड्या चढवणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता, सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता. मी झोपले नाही. हे ठासून लिहिते, कारण पुढे सगळ्यांनी तेच विचारलं. मन तिकडे होतं, कबूल. आता देवळात असतील, आता प्रसाद घेत असतील, आता ती काही म्हणाली असेल आणि हे हसले असतील... पण मन तिकडे गेलं म्हणून काय झालं? मन काय लुगडं नेसून टांग्यात बसतं?

उन्हं कलली तशी एक होडी आली. बायकाच बायका होत्या तिच्यात, कलकलाट करत वर चढल्या. तिच्यामागून आली त्या होडीत आमची माणसं. मी कठड्याशी उभी राहिले, ठरवूनच की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

हे वर आले. आणि चारचौघांत, सासूबाईंच्या खोलीच्या दारात, माझ्याकडे बघून मोकळं हसले. "पोचलीस ना नीट? त्या बायकांच्या गर्दीच्या होडीत बसवलं खरं, पण माझा जीव इकडे होता."

मला वाटलं, थट्टा करतायत. ह्यांना थट्टा येते हेही नवीनच!

तेवढ्यात गोदूताईने येऊन माझा हात धरला आणि तिचा चेहरा उतरला. "अगं... बांगड्या कुठे गेल्या?"

"कुठल्या बांगड्या?"

"देवळाबाहेर विनायकरावांनी तुला भरवल्या त्या! हिरव्या, लाखेच्या. होडीत बसताना तर हातात होत्या."

मी एकदा हिच्याकडे बघते, एकदा ह्यांच्याकडे. ह्यांचं हसू मावळलं. "काढून टाकल्यास?" अगदी हळू विचारलं. सवाष्णीने भरलेल्या बांगड्या तासाभरात उतरवायच्या म्हणजे काय, तुम्हीच विचार करा.

मी म्हटलं, "मी गेलेच नव्हते. मी दिवसभर इथे आहे."

अण्णासाहेब म्हणाले, "अहो वहिनी, टांग्यात माझ्यासमोर बसला होतात तुम्ही! माझ्या पेढ्यातला अर्धा पेढा खाल्लात!"

सासूबाई आतून क्षीण आवाजात म्हणाल्या, "सून माझ्यापाशी होती रे. हललीसुद्धा नाही."

हे आत गेले, आईच्या कपाळाला हात लावला, आणि मला दिसलं, ह्यांनी मनात ठरवलं की आईला भान नव्हतं. गोदूताईने सांगितलं ते असं – होडी सुटता सुटता मी शिडीवरून हाक मारली, 'थांबा, मी येते.' (मी तर कठड्याशी उभी होते, शिडीवर मला कुणी दिसलं नव्हतं.) अंगावर जांभळं महेश्वरी लुगडं होतं. ते माझ्याकडे होतं, नाही असं नाही. मी धावत जाऊन ट्रंक उघडली. तळाशी, देवासला घातलेल्या घडीत, तसंच होतं.

बायकांच्या होडीतून आलेली एक गुजराती बाई जवळच केस विंचरत बसली होती. तिला गाठून विचारलं, मला ओळखता का? ती हसून म्हणाली, "तमे तो मारी बाजूमां बेठां हतां ने!" माझ्या शेजारी तर बसली होतीस! मी विचारलं, शिडी चढताना मी पुढे होते की मागे? तिने आठवून बघितलं आणि मान हलवली. शिडीवर तिने मला पाहिलं नव्हतं.

म्हणजे होडीत बसली, ती बोटीवर चढली नाही. माझ्या बांगड्या घालून कुठे गेली?

मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. घाबरले, पण नंतर. आधी मला जे झालं ते सांगायची लाज वाटत नाही... मला तिचा हेवा वाटला. पाच वर्षांत ह्यांनी मला स्वतःच्या हाताने कधी काही घेऊन दिलं नव्हतं. पहिल्यांदा दिलं, ते तिला. सकाळी मी गोदूताईवर जळत होते. दिवेलागणीला गोदूताई आठवतसुद्धा नव्हती.

ह्यांना समजावून सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी हे म्हणाले, "बांगड्यांचं राहू दे. पडल्या असतील पाण्यात, मी काही म्हणत नाही. पण तो दिवस झालाच नाही असं नको म्हणूस. माझ्यासाठी तरी नको म्हणूस." ह्यांचे डोळे भरले होते. त्यानंतर मी पुन्हा कधी तसं म्हटलं नाही.

द्वारकेला मी सगळ्यांबरोबर उतरले, ह्यांची बाही सोडली नाही. देवासला परत आलो आणि एका दुपारी हे पाटी-पेन्सिल घेऊन आले. सासूबाईंच्या समोर!

"हे कशाला?" मी विचारलं.

"तूच म्हणालीस ना वेरावळला, मला वाचायला शिकवाल का म्हणून?"

ते माझ्या मनात होतं. लग्नापासून होतं. पण जिभेवर आणायची माझी छाती नव्हती. तिने भर रस्त्यात, टांग्यात बसून मागितलं. हा मजकूर मी आज स्वतःच्या हाताने लिहितेय तो तिच्यामुळे, हे मला रोज गिळावं लागतं.

पुढे संसार चांगला झाला. फार चांगला. हे कामावरून आले की आम्ही ओट्यावर बसून बोलायचो, शेजारणी हेवा करायच्या. आणि मधेच हे म्हणायचे, "त्या दिवशी तू म्हणाली होतीस बघ..." माझ्या घासात खडा यायचा. सवत असती तर तिची वेणी धरता आली असती. हिला कुठे धरू?

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. अण्णासाहेबही गेले आणि गोदूताई माझ्याकडेच राहायला आली. एका दुपारी शेंगा सोलताना मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"तरीच," ती म्हणाली. "मी तेव्हा म्हटलंही आमच्या ह्यांना, की आज सुंदरीला झालंय काय? किनाऱ्यावर माझा हात धरून म्हणालीस, 'गोदूताई, मी उगीच तुझ्यावर रुसते.' मला इतकं बरं वाटलं होतं गं..."

"मी नाही म्हणाले."

"मग ती कोण होती?"

"मला काय ठाऊक!"

गोदूताईने एक शेंग फोडली. "कोणी का असेना. पण गोड होती हो."

तीच पुढे सांगू लागली, "परत येताना तुम्ही दोघं वाळूत मागे राहिला होतात. विनायकराव तुला काहीतरी सांगत होते, चांगला वेळ. तू आधी हसलीस, मग पदराने डोळे पुसलेस. आमच्या ह्यांनी हाका मारल्या तरी तुमचं लक्ष नव्हतं."

"काय सांगत होते?"

"मला कसं ऐकू येणार? नवराबायकोचं बोलणं."

मला ते ठाऊक होतं, म्हणजे काहीतरी सांगितलं होतं एवढंच. एकदा, केस पिकल्यावर, मी धीर करून ह्यांना विचारलं होतं, "वेरावळला वाळूत मला काय म्हणाला होतात हो?" त्या वयातही हे लाजले. म्हणाले, "तुलाच तर सांगितलं. असं एकदाच बोलता येतं माणसाला. लक्षात आहे ना, मग झालं."

मी म्हटलं, आहे.

माझा पुतण्या डॉक्टर आहे. तो म्हणतो, काकू, समुद्राच्या हवेने माणसाला भास होतात. पण तीन माणसांना आणि एका परक्या बाईला एकच भास? धारच्या एका शास्त्रीबुवांनी शांत करायला सांगितली, तीही केली. उलगडा मला झाला नाही, आता होईलसं वाटत नाही. ती कोण होती, कुठून आली, कुठे गेली, याचं मला आताशा फारसं काही वाटत नाही.

ह्यांनी वाळूत काय सांगितलं, ते तिला ठाऊक आहे. मला नाही.