सुतळीचं माप आणि आईचा फणस

माझी चूक मीच सांगतोय, म्हणून नीट ऐका. दुसरा कुणी सांगेल तो तिखटमीठ लावून सांगेल, आणि त्यात आमचा राई गावचा पुंडलिक पहिला. चहा घ्या, पण मधे बोलू नका. मला तोडलेलं आवडत नाही.

तर आमची गावाला, माणगावच्या आत, तीन एकर जागा आहे. शेत नाही, रानच म्हणा. आंबा, काजू, साग आणि खाली कमरेएवढं गवत. धाकटा भाऊ शांताराम तिथे असतो. मी इकडे मुंबईच्या बाजूला, हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात वीस-बावीस वर्षं पॉलिश मारलं आणि आता शांती नगरात घरी बसून बायकोची बोलणी खातोय.

शांतारामचे बैल थकले. गडीमाणसं सगळी मुंबईला आली. पडलेली लाकडं ओढायची, आंब्याच्या पेट्या रस्त्याला आणायच्या, एकटा माणूस किती करणार? म्हणून ठरलं, लहान ट्रॅक्टर घ्यायचा. बागेत झाडांमधून फिरतात तसला.

अडचण एवढीच, की रानात शिरायला वाट एकच. एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला फणस. फणसाच्या पलीकडे वहाळ, म्हणजे ओढा. शांताराम म्हणाला, "दादा, फणस तोडूया. मग कुठलापण ट्रॅक्टर जाईल."

हा फणस आईने लावलाय. मी मुंबईला निघालो त्या दिवशी. माझ्या एसटीची धूळ खाली बसायच्या आत तिने बी पुरली, हे मला शांतारामनेच सांगितलेलं. आणि आता तोच कुऱ्हाडीची भाषा करतोय.

"झाडाला हात लावलास तर माझं तोंड बघू नकोस," मी म्हणालो. "वाटेत बसेल असा ट्रॅक्टर मी आणतो."

"दिवाळीच्या आत आण. नाय मिळाला तर मी थांबायचो नाय."

श्रावणात गावी गेलो आणि स्वतः माप घेतलं. टेपने नाही. मी चौथीत शाळा सोडली. टेपवर एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर, आणि दोघं मला वेगवेगळं सांगतात. मला सुतळी कळते. एक टोक कठड्याला धरलं, दुसरीकडे खोडापर्यंत ताणली आणि बरोबर तिथे कापली. गाठ मारली नाही. गाठ माप खाते, हे लक्षात ठेवा. टोकं सुटू नयेत म्हणून दोन्हीकडे तंबाखूच्या डबीतला चुना चोपडला. हेपण लक्षात ठेवा.

घरी आल्यावर सुतळी दाराच्या मागे खिळ्याला टांगली आणि बायकोला बजावलं, "हिला हात लावायचा नाही."

"तुमच्या सुतळीला? त्यापेक्षा विंचवाला लावीन," ती म्हणाली.

मग दोन महिने मी ट्रॅक्टरची पत्रकं जमवली. वाचता फारसं येत नाही, पण चित्रं बघून अंदाज येतो. घरभर झाली तेव्हा बायको ओरडली, मग त्यांची जुडी बांधून माळ्यावर टाकली. आणि नवरात्र संपल्यावर पुंडलिकला घेऊन निघालो. पुंडलिक माझ्याबरोबर गाळ्यात होता. राईला त्याची भातशेती होती, तिथे आता बिल्डिंग उभी आहे, पण पुंडलिक अजून शेतकऱ्यासारखाच चालतो.

हायवेच्या एका शोरूममध्ये शिरलो. टाय लावलेला एक पोरगा पुढे आला. "आइये काका. ये सबसे छोटा है. चौडाई सिर्फ चार फूट."

"फूट तुझ्या कंपनीचे," मी म्हणालो. "सुतळी माझी आहे. वाक खाली."

तो टाय खांद्यावर टाकून वाकला. एका चाकाच्या बाहेरून दुसऱ्या चाकाच्या बाहेरपर्यंत सुतळी लावली. वीतभर कमी पडली. एका टोकाचा चुना गेलेला दिसला. म्हटलं, खिळ्याला घासून गेला असेल.

पोरगा चिवट होता. म्हणाला, चाकं आत घेता येतात. मेकॅनिकला बोलावलं, जॅक लावला, दोन्ही चाकं उलटी करून बसवली. त्यात तासभर गेला, आम्हाला दोनदा चहा दिला. पुन्हा सुतळी लावली. तरी चार बोटं कमी.

पुंडलिक सुतळीकडे बघत राहिला. "सखा, तुजी भावजय या वाटेतना पान्याची कलशी घेऊन कशी जाते रं?"

"तिरकी होऊन जाते."

"आन म्हैस?"

"म्हैस पोट आत घेते."

"म्हैस?"

"हो. सवय झालीय तिला."

पोराला सगळं कळत होतं. तो म्हणाला, "काका, फिर ट्रॅक्टर क्यूँ लेते हो? भैंस ही समझदार है."

मी तिथून उठलो. अजून दोन ठिकाणी गेलो, वसईपर्यंत. सगळीकडे तेच. चाकं आत घेतली तरी बोटं बाहेर. परत येताना पुंडलिक एवढंच म्हणाला, "एकदा टेप लावून बगाची व्हती." मी सुतळी खिशात आणखी खोल कोंबली.

दिवाळीला चार दिवस उरले. शांतारामला फोन लावला. त्याच्या मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर मिळते, म्हणजे तो बोलतो तेव्हा फणस त्याच्या समोरच असतो.

"नाही मिळत," मी म्हणालो. "तोड."

झाडावर कुठलातरी पक्षी ओरडत होता, तो मला इथे ऐकू आला.

"बघ हां, दादा."

"तोड म्हटलं ना."

"मग उद्या सकाळीच माणूस बोलवतो."

त्या रात्री मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

सकाळी बायकोने माळ्यावरून पत्रकांची जुडी काढली. "आता हे रद्दीत देऊ ना?" मी मान हलवली. ती गाठ सोडायला बसली. सुटेना. नखं लावली, दात लावले. "गाठ तुमचीच," ती म्हणाली. "अशी आडमुठी गाठ या घरात दुसरं कुणी मारत नाही." शेवटी सुटली, आणि तिने सुतळी माझ्या पुढ्यात टाकली.

हातभर सुतळी. एका टोकाला पांढराफेक चुना.

मी काय करावं? आठवलं सगळं. जुडी बांधायची होती, चष्मा सापडत नव्हता, दारामागे हात घातला, हाताला सुतळी लागली, कचकन कापली. ज्या सुतळीला घरात कुणी हात लावायचा नाही असा मी दम दिला होता, ती मीच कापली होती.

फोन लावला. उचलला.

"शांताराम, थांबव त्याला."

"दादा, तो कुऱ्हाड घेऊन आलाच हाय. मीच त्याला चहा पाजून बसवलाय. तुझा फोन येईल असं वाटत होतं."

"परत पाठव. माप चुकलं."

"कुणाचं?"

"आवाज येत नाही," असं म्हणून मी फोन ठेवला.

शांतारामने त्याच दिवशी टेप लावली. पावणेपाच फूट. त्या टायवाल्या पोराकडचा चार फुटांचा ट्रॅक्टर दिवाळीच्या पाडव्याला गावी पोचला आणि कठडा आणि फणस यांच्या मधून असा गेला की खोडाची साल खरवडली नाही. वीतभर जागा शिल्लक. मी बाजूला उभा राहून सगळ्या वाडीला सांगत होतो, "माप महत्त्वाचं असतं." पुंडलिकलाही सांगितलं. त्याने मला हात जोडले.

इथे किस्सा संपला असता तर मी तुम्हाला बोलावून चहा पाजला नसता.

चैत्रात शांतारामचा फोन आला. "दादा, ट्रॅक्टर रानातून बाहेर येत नाय."

"बिघडला?"

"चांगला हाय. महिनाभर आतच लाकडं ओढत होता. आता आंब्याच्या पेट्या घेऊन यायला निघालो, तर वाटेत फणस आडवे."

"कसले आडवे? झाड चालत आलं काय?"

"झाड नाय रे. फळं. खोडाला लागलेत, बरोबर कठड्याच्या बाजूला. एकेक कळशीएवढा." मग म्हणाला, "तू श्रावणात मोजलंस ना? तेव्हा खोड मोकळं होतं."

जन्म रायगडातला. पासष्ट वर्षं फणस खातोय. तो खोडाला लागतो हे शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असतं. मी तर चौथीपर्यंत गेलेलो.

मग कच्चेच उतरवायला लागले. शांताराम दोन पोती इकडे घेऊन आला. गेले आठ दिवस आमच्याकडे सकाळी फणसाची भाजी, संध्याकाळी फणसाची भाजी. चारही मजल्यांवर वाटली. समोरचा गुजराती आता माझी चाहूल लागली की दार लावून घेतो.

काल बायकोने दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं. सुतळी हातात धरून म्हणाली, "अहो, ही ठेवू का? पुढच्या मापाला?"

मी म्हटलं, भाजी वाढ.